सिलिॲकचे निदान झाले, गहू सुटला. तरी त्रास का थांबत नाही?

सिलिॲक या लहान आतड्याच्या आजाराचे निदान व्हायला अनेकदा वर्षे जातात. सततचे जुलाब, पोटफुगी, गोळ्या घेऊनही भरून न येणारा रक्तक्षय किंवा कारण न सापडणारा थकवा घेऊन माणूस एका तपासणीकडून दुसरीकडे फिरत राहतो आणि अखेर रक्तचाचणी व बायोप्सी, म्हणजे आतड्याच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी, यांतून उत्तर मिळते. उत्तराबरोबर उपचारही एका वाक्यात मिळतो: ग्लूटेन, म्हणजे गहू आणि तशा काही धान्यांतील प्रथिने, आजन्म बंद. इतके नेमके कारण आणि इतका नेमका उपाय हाती आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत सगळे पूर्ववत होईल असे वाटणे स्वाभाविक आहे आणि पुष्कळांना पहिल्या काही आठवड्यांत खरोखरच उतार पडतो. मात्र ज्यांना सहा महिने किंवा वर्ष उलटूनही बरे वाटत नाही, त्यांना आजाराबरोबर संशयही सोसावा लागतो. घरचे विचारतात, कधी कधी डॉक्टरही विचारतात: पथ्य नीट पाळता ना?

हा प्रश्न विचारायलाच हवा, पण तो पहिला आणि शेवटचा प्रश्न ठरू नये. ग्लूटेन थांबवल्याने इजा थांबते. झालेली इजा भरून येणे ही स्वतंत्र प्रक्रिया आहे आणि तिला लागणारा काळ बहुतेक रुग्णांना निदानाच्या वेळी कोणी सांगितलेला नसतो.

ग्लूटेनने नेमके काय बिघडते

गहू, जव आणि राय या धान्यांतील काही प्रथिनांना मिळून ग्लूटेन म्हणतात. या प्रथिनांची घडण अशी आहे की माणसाच्या पाचकरसांना त्यांचे पूर्ण विघटन करता येत नाही आणि त्यांचे काही लांब तुकडे तसेच शिल्लक राहतात. बहुतेकांच्या बाबतीत हे तुकडे काही न घडता पुढे निघून जातात. ज्यांच्या शरीरात एचएलए-डीक्यू२ किंवा एचएलए-डीक्यू८ ही जनुके असतात, त्यांच्यापैकी काहींमध्ये मात्र वेगळेच घडते. आतड्याच्या अस्तरातील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजेच थोडक्यात टीटीजी, नावाचे विकर या तुकड्यांत किंचित रासायनिक बदल करते आणि त्यामुळे रोगप्रतिकारक यंत्रणेतील टी पेशी त्यांना शत्रू समजू लागतात. या हल्ल्यात आतड्याचे स्वतःचे अस्तर जायबंदी होते. ही जनुके साधारण ३० ते ४० टक्के लोकांत आढळतात, पण आजार होतो तो सुमारे एक टक्का लोकांनाच. जनुके असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही.

लहान आतड्याच्या अस्तरावर जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी उंचीचे असंख्य उंचवटे असतात. त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नरस शोषण्यासाठी लागणारा प्रचंड पृष्ठभाग या उंचवट्यांमुळेच मिळतो. सिलिॲकमध्ये व्हिलाय आखूड होत होत पार सपाट होतात, त्यांच्या पायथ्याशी असलेल्या खाचा खोल होतात आणि अस्तरात दाहाच्या पेशींची गर्दी होते. बायोप्सीच्या अहवालात हेच लिहिलेले असते.

गहू आणि हा आजार यांचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला असताना त्यांच्या या आजाराच्या बालरुग्णांची प्रकृती सुधारली आणि गहू परत आल्यावर ती पुन्हा ढासळली. १९५० साली त्यांनी यावरील प्रबंध सादर केला. पथ्याचा गुण पहिल्यांदा असा मुलांमध्ये दिसला आणि मुलांचे आतडे सहसा लवकर भरून येते. प्रौढ रुग्णानेही तशीच अपेक्षा ठेवली तर निराशा पदरी पडते.

पेशी चार दिवसांत बदलतात, मग वर्षे का लागतात?

हा आक्षेप रास्त आहे. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे आयुष्य केवळ तीन ते पाच दिवसांचे असते. शरीरातील फार थोड्या ऊती इतक्या झपाट्याने स्वतःला नव्याने घडवतात. मग ग्लूटेन थांबल्यावर आठवड्याभरात नवे अस्तर का तयार होऊ नये?

याचे उत्तर एका पेशीच्या प्रवासात सापडते. ही पेशी खाचेच्या तळाशी जन्मते आणि व्हिलसच्या, म्हणजे एका उंचवट्याच्या, कडेने वर वर सरकत जाते. सरकताना ती परिपक्व होते, साखर आणि प्रथिने फोडणारी विकरे तयार करू लागते, शोषणाचे काम अंगावर घेते आणि टोकाशी पोहोचल्यावर गळून आतड्यात पडते. तिला घडायला जो चढ लागतो, तो सपाट अस्तरात उरलेलाच नसतो. खाचेतून बाहेर आलेली पेशी अर्धवट घडलेली असतानाच गळते. थोडक्यात, नव्या पेशी भराभर तयार होतात, पण त्यांना उभे राहायला जागा नसते. ती जागा, म्हणजे उंचवट्याचा गाभा, त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि आधार देणारी ऊती, सावकाश उभी राहते. जोवर दाहाच्या पेशी अस्तरात ठाण मांडून आहेत, तोवर हे काम सारखे अडत राहते.

शिवाय आतड्याला विश्रांती देता येत नाही. मोडलेले हाड प्लॅस्टरमध्ये ठेवता येते. आतड्याची दुरुस्ती मात्र वाहतूक चालू ठेवून रस्ता नव्याने बांधण्यासारखी आहे. दिवसातून अनेकदा अन्न, आम्ल, पित्त आणि जिवाणू त्याच अस्तरावरून जात असतात आणि त्यांतून ग्लूटेनचा कण आला की नुकतेच बांधलेले पुन्हा उखडते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी २०१० साली प्रौढ रुग्णांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पथ्य सुरू केल्यावर दोन वर्षांनी अस्तर पूर्ववत झाल्याची खात्री सुमारे ३४ टक्के रुग्णांत, तर पाच वर्षांनी सुमारे ६६ टक्के रुग्णांत झाली होती. दुसऱ्या बाजूने वाचले तर दोन वर्षांनंतरही सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे अस्तर पूर्ण भरलेले नव्हते. निदान झाल्यावर रुग्णाच्या हाती पथ्याचा कागद देताना हे आकडेही सांगितले गेले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. सहाव्या महिन्यात खचून जाणाऱ्या माणसाला ते ठाऊक असणे फार गरजेचे आहे.

सगळी लक्षणे एकाच वेगाने जात नाहीत

अस्तर पूर्ण भरेपर्यंत रुग्णाला बरे वाटत नाही, असेही नाही. लहान आतडे कित्येक फूट लांब असते आणि आजाराचा सर्वांत मोठा फटका त्याच्या सुरुवातीच्या भागाला बसतो. पुढचा भाग सावरू लागला की शोषण सुधारते. म्हणून जुलाब आणि पोटफुगी अनेकांत काही आठवड्यांत कमी होतात. बाकीच्या तक्रारी आपापल्या गतीने जातात.

रक्तक्षयाचे उदाहरण घ्या. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या अगदी पहिल्या भागात शोषले जाते, म्हणजे जिथे इजा सर्वांत जास्त तिथेच. सुरुवातीचे काही महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर त्याचे हे एक कारण असू शकते आणि अशा वेळी डॉक्टर शिरेतून लोह देण्याचा विचार करतात. हिमोग्लोबिन वर आल्यानंतरही शरीरातील लोहाचा साठा, जो फेरिटिनच्या चाचणीत दिसतो, भरायला आणखी काळ लागतो. तोवर जिना चढताना लागणारी धाप आणि दुपारी येणारी ग्लानी कायम राहिली तर ती मनाची समजूत नसते. फोलेट, बी१२, ड जीवनसत्त्व आणि जस्त यांचीही पातळी मोजून पाहायला हवी, कारण केवळ पथ्याने ही तूट भरून निघेलच असे नाही.

हाडांची घनता वाढायला वर्ष-दोन वर्षे लागतात आणि निदान उशिरा झाले असेल तर ती पूर्ण भरून येत नाही. सिलिॲकशी निगडित असलेल्या, अतिशय खाज सुटणाऱ्या फोडांच्या त्वचाविकारात पथ्याचा पूर्ण परिणाम दिसायला कित्येक महिने, कधी दोन वर्षेही लागतात. तोवर डॅप्सोन या औषधाने खाज आटोक्यात ठेवली जाते. हातापायांतील मुंग्या, बधिरपणा किंवा तोल जाणे ही मज्जातंतूंची लक्षणे सर्वांत संथ असतात. काहींमध्ये तिथे झालेली हानी मागे वळत नाही, पुढे वाढायची थांबते इतकेच.

सुधारणेमुळेही काही गोष्टी बदलतात. शोषण वाढल्याने वजन वाढते. थायरॉईडची गोळी चालू असेल तर आतडे ती अधिक चांगली शोषू लागल्याने पूर्वीचा डोस जास्त होऊ शकतो आणि धडधड किंवा अस्वस्थता जाणवू लागते. अशा तक्रारीचे मूळ आतडे सुधारण्यात आहे हे चटकन लक्षात येत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे आतडे भरले ना?

या आजारात शरीर टीटीजी या स्वतःच्याच विकराविरुद्ध अँटिबॉडीज, म्हणजे प्रतिकारक प्रथिने, तयार करते आणि निदानानंतर रक्तातील त्यांची पातळी ठरावीक काळाने मोजली जाते. पथ्य सुरू झाल्यावर त्यांची पातळी उतरू लागते, पण ती सुरुवातीला फार उंच असेल तर सामान्य मर्यादेत यायला दोन वर्षे किंवा अधिकही लागू शकतात. म्हणून आकडा अजून वर आहे याहून तो खाली येत आहे का, हे आधी पाहायचे असते. आकडा एके ठिकाणी अडून राहिला किंवा पुन्हा चढला, तर ग्लूटेन कुठून तरी येत असल्याची दाट शक्यता असते.

उलट बाजू अधिक फसवी आहे. अँटिबॉडीज सामान्य झाल्या म्हणजे अस्तर भरले, असे म्हणता येत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की पथ्यावर असलेल्या ज्या रुग्णांचे व्हिलाय अजूनही सपाट होते, त्यांच्यापैकी साधारण निम्म्यांची टीटीजी चाचणी सामान्य आली होती. शिवाय सिलिॲकच्या दोन-तीन टक्के रुग्णांत आयजीए या प्रकारच्या अँटिबॉडीज मुळातच तयार होत नाहीत आणि त्यांच्यात नेहमीची आयजीए-टीटीजी चाचणी काहीच सांगत नाही; त्यांच्यासाठी आयजीजी प्रकारच्या चाचण्या वापरतात. तब्येतीवरूनही खात्रीने अंदाज बांधता येत नाही. ठणठणीत वाटणाऱ्याचे अस्तर सपाट असू शकते आणि भरलेल्या अस्तराच्या माणसाचे पोट रोज दुखू शकते. अस्तराची खरी स्थिती आजही बायोप्सीतूनच कळते.

एवढ्याशा कणाने काय होणार?

पथ्यावर असूनही बरे न वाटणाऱ्यांत सर्वाधिक आढळणारे कारण नकळत पोटात जाणारे ग्लूटेन हेच आहे. त्यामुळे पथ्याची चौकशी आधी होते ती योग्यच आहे. चुकते ते तिला आरोपाचा सूर येतो तेव्हा. कारण इथे ज्या प्रमाणाची चर्चा आहे, ते डोळ्यांना दिसणारे नसते.

इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पथ्यावर स्थिर असलेल्या रुग्णांना तीन महिने रोज ठरावीक सूक्ष्म प्रमाणात ग्लूटेन देण्यात आले. रोजच्या ५० मिलिग्रॅमने अस्तराची हानी दिसून आली. गव्हाच्या पावाच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लूटेन असते, म्हणजे ५० मिलिग्रॅम हा त्या स्लाइसचा चाळिसावा भाग किंवा त्याहूनही कमी झाला. पावावर फिरलेली सुरी लोण्याच्या डब्यात बुडाली की डब्यात राहतो तो चुरा, गव्हाचे पीठ मळलेल्या परातीच्या कडेला वाळून बसलेला थर, गाळणीच्या जाळीत अडकलेले पीठ, एवढ्यानेही रोजचा हिशेब बिघडू शकतो. बाटलीबंद सोया सॉस, माल्ट घातलेली पेये आणि मैद्याने दाट केलेली सूप यांत ग्लूटेन असते, पण ते नजरेला कळत नाही. ओट्स शुद्ध असतील तर बहुतेकांना चालतात. मात्र ते शेतात, गोदामात आणि गिरणीत गव्हात मिसळले जातात आणि थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. त्यामुळे प्रकृती सुधारत नसेल तर काही काळ ओट्स बाजूला ठेवून पाहण्यात अर्थ आहे.

‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहिलेल्या पाकिटातही शून्य ग्लूटेन असते असे नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार एका किलोत २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन असलेल्या पदार्थाला हे लेबल लावता येते. असा पदार्थ दिवसाला अर्धा किलो खाल्ला तरी जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम पोटात जाते आणि बहुतेक रुग्णांना ते सोसते. ज्यांचे आतडे फारच संवेदनशील आहे त्यांना डॉक्टर काही महिने पाकीटबंद पदार्थ पूर्ण बंद करून केवळ साधे, मुळातच ग्लूटेन नसलेले अन्न घ्यायला सांगतात.

इतक्या वर्षांच्या पथ्यानंतर शरीर ग्लूटेन विसरून का जात नाही, असेही विचारले जाते. ग्लूटेन ओळखणाऱ्या स्मृती-टी पेशी पथ्यावर असतानाही अनेक वर्षे शरीरात टिकून असतात. त्यामुळे ‘आता बरे वाटते, थोडे खाऊन बघू’ हा प्रयोग करू नये. लक्षणे दिसली नाहीत तरी अस्तराला इजा होऊ शकते.

ग्लूटेनचा दोष नसेल तेव्हा

आहारतज्ज्ञाने सगळे तपासून पाहिले आणि गळती सापडली नाही, तर शोध दुसरीकडे वळायला हवा. नेमका याच टप्प्यावर पुष्कळ रुग्णांचा शोध थांबतो. ते स्वतःच एकेक पदार्थ सोडत जातात आणि आहार इतका आकसतो की कुपोषण होते.

सर्वांत साधी शक्यता दुधाची. दुधातील साखर फोडणारे लॅक्टेज हे विकर व्हिलायच्या वरच्या भागातील परिपक्व पेशींमध्येच असते, त्यामुळे अस्तर सपाट असताना दूध पचत नाही. अस्तर भरत गेले की अनेकांना ते पुन्हा चालू लागते. दुसरी शक्यता स्वादुपिंडाची आहे. अन्न आल्याचा निरोप स्वादुपिंडाला देणारे संप्रेरक आतड्याच्या अस्तरातूनच निघते. अस्तर खराब असेल तर निरोप क्षीण होतो, पाचकरस कमी स्रवतो आणि तेलकट, चिकट शौच होत राहते. शौचातील इलास्टेजच्या चाचणीतून याचा अंदाज येतो आणि विकरांच्या गोळ्यांनी आराम पडतो.

पाण्यासारखे जुलाब चालूच असतील तर मोठ्या आतड्याचा सूक्ष्मदर्शी दाह तपासावा लागतो. तो सिलिॲकच्या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि दुर्बिणीतून आतडे अगदी निरोगी दिसत असले तरी केवळ बायोप्सीत सापडतो. लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ, थायरॉईडचे विकार आणि सिलिॲकबरोबरच असलेला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आतड्यात दिसणारी इजा नसताना होणारा पोटाचा त्रास) यांचाही विचार होतो. बद्धकोष्ठता असेल तर कारण बहुधा सरळ असते: गव्हाबरोबर आहारातला कोंडाही गेला आणि त्याची भरपाई झाली नाही.

मूळ निदानच चुकले असेल तर? हा प्रश्नही विचारायला हवा. जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग, क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार आणि काही औषधे यांनीही व्हिलाय सपाट होतात. रक्तदाबावरील ओल्मेसार्टनमुळे सिलिॲकसारखेच चित्र दिसू शकते, हे मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१२ साली दाखवून दिले. आधी सांगितलेल्या दोन्ही जनुकांपैकी एकही नसेल तर सिलिॲक असण्याची शक्यता जवळजवळ संपते, म्हणून शंकेच्या प्रसंगी जनुकचाचणी उपयोगी पडते. कोणतेही औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

सर्वांत घाबरवणारी शक्यता

वर्षभर काटेकोर पथ्य पाळूनही अस्तर सपाट राहते, शोषण होत नाही आणि बाकी सर्व कारणे तपासून झाली आहेत, अशा स्थितीला पथ्याला न जुमानणारा सिलिॲक म्हणतात. तो फार थोड्या रुग्णांत आढळतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात अस्तरातील टी पेशी सामान्य असतात आणि औषधांनी बहुधा गुण येतो. दुसऱ्यात त्या पेशी विकृत झालेल्या असतात आणि आतड्याच्या लिम्फोमाचा, म्हणजे कर्करोगाचा, धोका मोठा असतो. वजन सतत घटणे, रात्रीचा ताप किंवा घाम, पायांवर सूज, शौचातून रक्त, किंवा बरे वाटू लागल्यानंतर पुन्हा सुरू झालेले जुलाब, यांपैकी काही दिसले तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. नुसत्या थकव्याने किंवा पोटफुगीने मात्र थेट या आजाराची भीती बाळगण्याचे कारण नाही.

डॉक्टरांकडे जाताना

त्रास रेंगाळला असेल तर भेटीला जाताना पथ्य सुरू केल्याची तारीख, टीटीजीचे आतापर्यंतचे सर्व आकडे, चालू असलेल्या औषधांची यादी आणि आठवडाभराच्या आहाराची नोंद बरोबर असावी. टीटीजी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण प्रयोगशाळेगणिक मोजण्याची पद्धत बदलते आणि दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना होत नाही. पहिल्या बायोप्सीचा अहवाल तर हमखास न्यावा आणि तिच्या काचपट्ट्या मिळत असतील तर त्याही जपून ठेवाव्यात. प्रौढांमध्ये साधारण दोन वर्षांनी पुन्हा बायोप्सी करण्याचा विचार होतो आणि तिच्या अहवालात ‘व्हिलाय अंशतः सपाट’ असे वाचून रुग्णाचा धीर सुटतो. पण दोन्ही वेळच्या काचपट्ट्या एकाच तज्ज्ञाने शेजारी ठेवून पाहिल्या, तर पहिल्या वेळी पूर्ण सपाट असलेले अस्तर आता अर्ध्या उंचीपर्यंत उभे राहिले आहे की होते तिथेच आहे, हे सांगता येते आणि पुढचे उपचार त्यावरून ठरतात.